दोनदा विकलेला बास

९ जानेवारी

वहिनी,

नमस्कार-चमत्कार राहू देत. आज सकाळी पेपर उघडला आणि 'घरगुती सामान' या मथळ्याखाली, एक वापरलेलं कपडे धुण्याचं मशीन आणि 'लहान मुलाचा पाळणा, किरकोळ दुरुस्ती आवश्यक' यांच्या मधोमध, माझ्या भावाचं आयुष्य विकायला काढलेलं वाचलं. 'विकणे आहे: डबल बास, मोठा, चालू स्थितीत, पेटीसह. प्रत्यक्ष येऊन पाहावे.'

चालू स्थितीत! वहिनी, चालू स्थितीत पंखा असतो. खाली पत्ता होता, पण तो वाचायची गरजच पडली नाही. 'मोठा' या एका शब्दावरून जाहिरात कोणी लिहिली ते कळलं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्या वाद्याबद्दल तुमचं जे काही मत झालं असेल ते एवढंच. मोठा!

फोन मुद्दाम केला नाही. फोन दादाच्या उशाशी आहे आणि तुम्हाला जे सुनवायचं आहे ते त्याच्या कानावर पडू नये असं मला वाटतं. त्याला माहीत तरी आहे का हो? पक्षाघाताने त्याचा डावा हात गेला, जीभ जड झाली. कान शाबूत आहेत. उभं आयुष्य नाट्यगृहातल्या वाद्यवृंदात तो त्या वाद्याला छातीशी धरून उभा राहिला. मी रेडिओवर निवेदिका होते तेव्हा लोक विचारायचे, तुमचे बंधू काय करतात? मी सांगायचे, बाकीचं सगळं संगीत ज्याच्या खांद्यावर उभं असतं, ते वाद्य माझा भाऊ वाजवतो. आता काय सांगू? की माझ्या वहिनीने ते पाळण्याशेजारी मांडलंय?

जाहिरात मागे घ्या. उलटटपाली कळवा.

तुमची नणंद


१४ जानेवारी

वन्सं,

पत्र मिळालं. अक्षर नेहमीसारखं सुंदर, मजकूर नेहमीसारखा लांब. काय म्हणायचंय ते दुसऱ्या पानावर सापडलं.

हो, जाहिरात मीच दिली. वाद्यांसाठी पेपरात वेगळं सदर नाही. तुमच्या इतक्या ओळखी आहेत, एखादं सुरू करायला सांगा. 'मोठा' लिहिलं कारण तो मोठा आहे. माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा आहे, आणि तो घ्यायला येणाऱ्याने आधी आपलं दार मोजून यावं एवढाच माझा हेतू होता.

तुम्ही शेवटच्या आलात ते दवाखान्यात. डॉक्टरांसमोर चांगल्या रडलात, मग तुमच्या गाडीची वेळ झाली. त्यामुळे त्यानंतरचं घर तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. ह्यांना जिना चढवत नाही. पलंग खाली पुढच्या खोलीत आणला. त्याच खोलीत माझं शिलाई मशीन, कापायचं टेबल, पडद्यांचे तागे, आणि कोपऱ्यात तो. गिऱ्हाईक आलं की पोट आत घेऊन आडवं चालतं. आणि हे दिवसभर त्याच्याकडे तोंड करून पडलेले. मी पलंग फिरवला, तर ह्यांनी मान फिरवली. डाव्या हाताने तारा दाबायच्या असतात एवढं मलाही कळतं वन्सं. तो हात पांघरुणावर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडलेला असतो आणि समोर ते लाकूड उभं. तुम्ही एक दिवस तिथे पडून बघा.

त्यांना माहीत आहे का म्हणता. विचारलं मी. मान हलवली. होकाराची.

पहिला माणूस येऊनही गेला. हॉटेलवाला. त्याला बास दारात उभा करून पोटावरच्या त्या दोन लांबट भोकांत कागदाची फुलं खोचायची होती. मी म्हटलं, विचार करून सांगते. तुमची तब्येत सांभाळा.

वहिनी


२० जानेवारी

वहिनी,

विचार करून सांगते!! कागदाच्या फुलांवर तुम्ही विचार करणार!

मला आता हसूही येत नाही. तुमचा दोष नाही. काही माणसांना रंग दिसत नाहीत, तसे तुम्हाला सूर ऐकू येत नाहीत. दादाच्या पहिल्या मोठ्या प्रयोगाला आपण दोघी शेजारी बसलो होतो. खालून बासचा तो एकटा, खोल सूर निघाला आणि माझ्या अंगावर काटा आला. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही रंगमंचाच्या मखमली पडद्याची शिवण निरखत होतात. बाहेर आल्यावर म्हणालात, 'खालची पट्टी उलट्या बाजूने मारलीये.' कलेशी तुमचा संबंध पडद्यापुरता, वहिनी, आणि तो पडला की तुम्ही घरी जायला मोकळ्या.

मान हलवली म्हणे. ज्याला धड बोलता येत नाही त्याच्या मानेवर तुम्ही सौदा करता! त्याला बास डोळ्यांसमोर हवा आहे, त्याच्याच आधारावर तो जगतोय, हे कळायला फार शिक्षण लागत नाही. थोडं मन लागतं.

उन्हाळ्यापर्यंत थांबा. मी येईन आणि काय ते ठरवीन. तोपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही.

तुमची नणंद


६ फेब्रुवारी

वन्सं,

बास विकला.

उन्हाळ्याला अवकाश आहे आणि तुमचा उन्हाळा कधी येतो ते आम्हाला अनुभवाने माहीत आहे.

घेणारे गृहस्थ मोठे रसिक निघाले. गळ्यात रेशमी रुमाल, बोटांत अंगठ्या. जुन्या वाद्यांचा संग्रह करतात म्हणाले. आल्या आल्या डोळे मिटून तार छेडली आणि म्हणाले, 'वा! गंभीर, मखमली, जणू रात्रीचा श्वास.' मी म्हटलं, सावकाश, तारांखालची घोडी हलेल. घोडी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. घासाघीस अजिबात केली नाही. एवढा रसिक माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. चार माणसांनी उचलला. दाराच्या चौकटीचा टवका गेला, बासला काही झालं नाही. खोली मोठी झाली. कापायचं टेबल खिडकीशी सरकवलं. हे शांत आहेत.

वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

शांत आहेत! खून झाल्यावर घर शांतच असतं.

आता ऐका. तो रेशमी रुमालवाला संग्राहक वगैरे काही नाही. तो आमच्या रेडिओवरचा जुना नाट्यकलाकार. मीच पाठवला होता, पैसे माझे, आणि तो 'रात्रीचा श्वास'ही मीच लिहून दिला होता. तुमच्या घरातून बास सुटला, वहिनी. तो माझ्या दिवाणखान्यात आहे, पूर्वेच्या खिडकीजवळ, त्याच्यावर सकाळचं ऊन पडतं. तुम्ही त्याला लाकूड म्हणून विकलात, मी त्याला माणूस म्हणून घरी आणलं.

तुमच्याकडून चढा भाव देऊन घ्यावा लागला याचं वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं, की कोण घेतंय, कशाला घेतंय, एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. नोटा नीट मोजल्यात मात्र, असं तो म्हणाला.

दादाला मी योग्य वेळी सांगेन. तुम्ही सांगू नका, तुम्हाला ते जमणार नाही.

तुमची नणंद


२१ फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्या नाट्यकलाकाराने आत पाऊल टाकल्याबरोबर हळू आवाजात विचारलं, 'दादा झोपलेत का?'

जाहिरातीत दादा नव्हते.

तेव्हाच कळलं. पुढचं सगळं मी नाटक म्हणून पाहिलं. फुकटात पाहायला मिळालं, वर पैसे मिळाले. तुमचा माणूस गेल्यावर मी इतकी हसले, की टाचण्यांची डबी सांडली.

मग विकला का? तुम्ही जपाल म्हणून नाही. तुम्ही मला आजवर त्या बासबद्दल जे जे ऐकवलंत, ते आता तुमच्याच घरात उभं राहून तुमच्याकडे बघू दे, म्हणून. मला तर त्याला कधी हात लावायचीही परवानगी नव्हती. सगळं घर मी पुसायचे, तो कोपरा हे स्वतः पुसायचे, त्यांच्या जुन्या मऊ सदऱ्याने. तुम्ही वर्षातून एकदा यायचात, तेव्हा तुमच्या हातात गज द्यायचे. 'धाकटीला कान आहे,' म्हणायचे. मी चहा घेऊन उभी.

तेव्हा सांभाळा आता. कानाने घर पुसता येत नाही, फडकं लागतं.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

मधे पत्र लिहिलं नाही, कामात होते. बास उत्तम आहे. एक तार परवा दुपारी आपोआप तुटली, बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला, आमच्या ह्यांच्या हातातला कप पडला. ह्यांचं आणि बासचं जमत नाही, अंधारात उठले की ह्यांची नडगी त्याच्या खालच्या टोकदार खिळ्यावर आपटते. आणि रस्त्यावरून जड वाहन गेलं की तो एकटाच हुंकार देतो. शेजारच्या बाई विचारत होत्या, तुमच्याकडे कोणी आजारी आहे का. या सगळ्या क्षुल्लक गोष्टी आहेत. मोठ्या वस्तूबरोबर राहायला थोडं मोठं मन करावं लागतं.

लिहायचं कारण वेगळं. दादाला आठ-पंधरा दिवस माझ्याकडे पाठवा. मी एक छोटी मैफल ठरवते आहे, त्याला मानणारी निवडक माणसं. दार उघडेल आणि समोर त्याचा बास! माणसाला असा एक क्षण मिळाला की तो उठून उभा राहतो. औषधांनी होत नाही ते अशाने होतं. हे तुम्हाला पटणार नाही, पण तुम्ही आडव्या येऊ नका.

आमचे हे गाडी घेऊन येतील.

तुमची नणंद


९ एप्रिल

वन्सं,

भावोजींना पाठवा. मी आडवी येत नाही.

तुमचा 'क्षण' मला पटला म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर बास गेला त्या दिवसापासून हे बोलत नाहीत. आधी जड का होईना, 'पाणी' म्हणायचे, 'खिडकी' म्हणायचे, माझ्या शिलाईला 'कटकट' म्हणायचे. आता बोट दाखवतात. तुम्हाला मी 'शांत आहेत' लिहिलं होतं. तुम्ही त्याला खून म्हणालात. त्या दिवशी मला तुमचा राग आला होता आणि रात्री वाटलं की ह्या बाईच्या तोंडून चुकून कधीतरी खरं निघतं की काय.

डॉक्टर म्हणतात, जिभेचं दुखणं वाढलेलं नाही, मनात नाही म्हणून बोलत नाहीत. मनातलं मला कधी कळलं नाही, तुम्हाला सगळंच कळतं, तर बघा.

सदऱ्याची डावी बाही आधी घालायची, उतरवताना शेवटी. ताटातलं कापून देऊ नका, राग येतो. नाही दिलं तरी राग येतो. जिन्यावर मागून धरायचं, पुढून नाही. चारचौघांत रुमाल हातात द्या, तोंड तुम्ही पुसू नका. आणि रडू नका हो त्यांच्यासमोर. तुम्ही रडलात की ते तुमची समजूत काढण्यात दमतात.

वहिनी


२४ एप्रिल

वहिनी,

मैफल अप्रतिम झाली. दार उघडलं आणि दादाने बास पाहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला शब्दांत सांगता येणार नाही, आणि शब्द हा माझा व्यवसाय होता. मी त्याच्या उजव्या हातात गज दिला. त्याने मोकळ्या तारेवर एक सूर ओढला. एकच! सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काहींचे डोळे भरून आले.

आणि दादा बोलला, वहिनी. स्पष्ट बोलला. तेव्हा कोण बरोबर होतं हे तुम्हीच ठरवा.

तो मजेत आहे. थोडा हट्टी झालाय. बासबाबत एक लहानशी व्यवहाराची गोष्ट उद्भवली आहे, ती समक्ष बोलू. काळजीचं कारण नाही.

तुमची नणंद


२६ एप्रिल

तुला,

पत्र मीच लिहितोय. माझा उजवा हात चालतो हे तुम्हा दोघींच्याही लक्षात आलेलं दिसत नाही.

धाकटीने तुझी सगळी पत्रं टेबलावर ठेवली होती. मी पडल्या पडल्या वाचली. तिची तुला काय असतील ते तुझ्या उत्तरांवरून कळतं. छान चाललंय तुमचं. तू सांगतेस मला काय सोसवत नाही, ती सांगते मी कशाच्या आधारावर जगतोय. दोघींनी मिळून माझं एवढं सुंदर वर्णन केलंय की मी मेल्यावर आणखी काही लिहायला नको.

मी मान हलवली म्हणे, होकाराची. अगं, नाकावर माशी बसली होती. तू विचारलंस, मान हललेली पाहिलीस आणि पेन घेऊन जाहिरात लिहायला बसलीस. मी 'थांब' म्हणेपर्यंत तू मशीन सुरू केलं होतंस. चार माणसं बास घेऊन निघाली तेव्हा मी ओरडत होतो. तुला ऐकू आलं नाही, कारण तू त्यांच्यावर ओरडत होतीस, चौकटीचा टवका गेला म्हणून. त्यानंतर म्हटलं, कशाला बोला? माझं ऐकायला कोणाला वेळ आहे?

आता धाकटीची मैफल. मला कडक सदरा घालून खुर्चीत बसवलं आणि दार उघडलं, जादूगार टोपीतून ससा काढतो तसं. समोर बास. तारा ढिल्या, अंगावर धूळ, खांद्यावर कुणाची तरी ओली छत्री वाळत टाकल्याचा डाग. शेजारी फुलदाणी. हातात गज दिला आणि सगळे श्वास रोखून बघायला लागले. काय करणार, ओढला. बैल हंबरल्यासारखा आवाज आला. त्यावर टाळ्या! लहान मूल पहिल्यांदा भांड्यात बसून शी करतं तेव्हा आया वाजवतात तशा टाळ्या. एक गृहस्थ डोळे पुसत होते. मी ज्या प्रयोगांत खरंच चांगला वाजवत होतो, तेव्हा हीच माणसं खोकायची.

धाकटीने इथल्या वाद्यवृंदात बास वाजवणाऱ्या बाईंना बोलावलं होतं. तेवढं एक काम तिने अक्कल वापरून केलं, तेही शोभेसाठी. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. सरळ उठल्या, फुलदाणी बाजूला केली, कोणाला न विचारता तारा सुरात आणल्या, आणि वाजवायला लागल्या. ज्या तुकड्यात मी कायम दोन सूर गाळून पुढे जायचो, त्यात त्यांनी एकही गाळला नाही. माझ्यापेक्षा बऱ्या वाजवतात. आधी संताप आला. मग भूक लागली. खरी, पोटातून. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

मी म्हटलं, 'विकत घ्या.'

शब्द नीट आले. मलाच दचकायला झालं. सगळे धाकटीकडे बघायला लागले. ती म्हणाली, 'दादा, अरे तो आता माझा आहे.'

'तुला कोणी विकला?'

'वहिनीने.'

'तिचा होता?'

धाकटी फुलदाणी पुन्हा जागेवर ठेवायला लागली. मेहुण्यांनी मात्र उठून पडदा बाजूला केला, बास न्यायला वाट मोकळी असावी म्हणून. भला माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, पैसे माझ्या हातात दिले, बास घेऊन गेल्या. धाकटी खोलीत जाऊन रडली. मी समजूत काढली नाही. बास विकायचाच होता. हाताचं मला तुम्हा दोघींच्या आधी कळलं होतं, तो हात माझाच आहे. पण विकणारा मी, आणि घेणारा वाजवणारा. एवढंच हवं होतं. त्यासाठी कोणाचं मन समजून घ्यायला नको होतं, विचारून उत्तराची वाट पाहिली असतीत तरी झालं असतं. उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं.

तुझ्याकडे आहेत ते धाकटीचे पैसे तिला परत कर. बाईंचे माझ्या खिशात आहेत, ते राहतील.

परवा दुपारच्या बसने निघतोय. एकटा. मेहुण्यांना मी सांगितलंय, गाडी काढलीत तर तुमच्याशी बोलणार नाही. तू न्यायला येऊ नकोस. स्टँडवर तू दिसलीस तर मी त्याच बसने परत जाईन.

मी


५ मे

वन्सं,

तुमचे पैसे सोबत आहेत. मोजून घ्या. तुमच्या त्या नाट्यकलाकाराला मोजायला देऊ नका, तो बघून 'वा' म्हणेल.

तुम्ही फोनवर इतक्या रडत होतात की मला काही सांगताच आलं नाही, म्हणून आता लिहिते. तुमचा दादा सुखरूप आहे.

त्यांचं पत्र मला त्याच दिवशी सकाळी मिळालं. स्टँडवर येऊ नकोस लिहिलेलं, म्हणून मी स्टँडवर गेले नाही. समोरच्या औषधांच्या दुकानात काचेमागे उभी राहिले. बसमागून बस आली. माणसं उतरली, पिशव्या उतरल्या, हे नाहीत. दुकानदाराने विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, काही नाही. मग त्याने खुर्ची दिली. त्यांच्या बसची वेळ कधीच टळली होती. भावोजींना फोन केला तर ते म्हणाले, मी स्वतः बसमध्ये बसवून दिलंय, शेवटी शिव्या खाऊन. अंधार पडायला लागला तशी मी घरी धावले, म्हटलं पोलिसांचा फोन आला तर घरात कोणी हवं.

घरात पाऊल टाकते न टाकते तोच बेल वाजली.

दार उघडलं. दारात हे. काठी उजव्या हातात, कोटाची बटणं वरखाली लागलेली, दोन्ही गुडघ्यांना माती, कपाळावर खरचटलेलं. डुलकी लागली म्हणून स्टँड मागे गेलं आणि पुढच्या थांब्यावर उतरले. तिथून चालत आले. वाटेत पायरी चुकून पडले. कोणी उचलायला आलं तर त्याला हाकलून दिलं आणि कुंपणाला धरून स्वतः उठले. हे सगळं मला नंतर कळलं, तुकड्या-तुकड्याने. दारात फक्त एवढं म्हणाले, 'सरक.'

वन्सं, लग्न झाल्यापासून मी त्या माणसाला 'अहो'शिवाय हाक मारलेली नाही. रागातसुद्धा नाही. रागात तर जास्तच 'अहो'. त्या दिवशी माझ्या तोंडून काय निघालं ते मलाही थांबवता आलं नाही. 'कुठे होतास रे मेल्या? मला मारायला निघालायस का? कोण समजतोस कोण स्वतःला?' सगळी गल्ली ऐकत होती. मी दारातच उभी राहून ओरडत होते आणि तो काठीवर रेलून ऐकत होता. सगळं, शेवटपर्यंत. मग त्याचं तोंड वाकडं झालं. मी घाबरले, म्हटलं पुन्हा झटका आला. तर हसत होता. अर्ध्याच तोंडाने हसता येतं ना आता.

म्हणाला, 'हे... आधी... का नाही... बोललीस?'

तेव्हापासून 'अहो' तोंडात येतच नाही. गिऱ्हाइकांसमोर ओढून आणते, ते त्यालाही ऐकवत नाही.

तुमच्याशी माझं वाकडं आहे ते आहेच. तुम्ही तुमच्या पत्रात बाईंचं नाव काढलं नाहीत, 'व्यवहाराची गोष्ट' म्हणालात. मी 'शांत आहेत' म्हणाले होते. सोडून देऊ. आपण दोघींनी हा माणूस आपसांत वाटून घेतला होता, मन तुमच्याकडे, अंग माझ्याकडे, आणि तो पलंगावर पडून दोघींचं भांडण वाचत होता. इतका आतल्या गाठीचा, हेकट, उपद्व्यापी मनुष्य मी पाहिलेला नाही. तुम्हीही पाहिला नसेल. या बाबतीत आपलं एकमत व्हायला हरकत नाही.

दिवसभर बोलतो. एका शब्दाला दुपार लागते, पण बोलतो. काल एका बाईंना तोंडावर सांगितलं की तुम्ही निवडलेलं कापड भिकार आहे. बाई गेल्या. कापड भिकारच होतं, पण गिऱ्हाईक होतं. पैसे खिशातच ठेवतो, कशासाठी ते सांगत नाही. विचारलं की म्हणतो, 'ऐकायला वेळ आहे?' मग मला मशीन थांबवून बसावं लागतं, आणि वाट बघावी लागते, आणि शेवटी म्हणतो, 'सांगणार नाही.'

उन्हाळा आला आहे. याल तर या. खोलीत आता जागा आहे आणि एकटीने ह्याचं सगळं ऐकून घेणं मला जमत नाही.

आत्ता हे लिहितेय तेव्हा तो कापायच्या टेबलाशी जेवायला बसलाय. मीठ मागतोय. म्हटलं, मी लिहितेय, दिसत नाही का? उठून घे.

उठला.

वहिनी